पट नऊ, हजर नऊ

मी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा शिक्षणाच्या टेबलावर. या काळात माझ्या हातून एकही खडू वाया गेला नाही, कारण माझ्या हातून एकही खडू मंजूर झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ पुढे आलं तेव्हा मी आधी विचारून घेतलं, हे कोणत्या लेखाशीर्षातून? कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढली आहे असं कळल्यावरच मी खांदा पुढे केला. तेव्हा काटकसर या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

हल्ली सरकार शाळा बंद करत सुटलंय म्हणून बरीच मंडळी गळा काढतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की आधी कागद बघा. कागदावर शाळा सहसा बंद होत नाही. तिचं समायोजन होतं. 2017 च्या अखेरीला दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांचं असंच समायोजन ठरलं होतं. नंतर दाराला कुलूप दिसतं ही गोष्ट वेगळी. समायोजन हा शब्द ज्याने पहिल्यांदा टिपणीत घातला त्याचं खरं म्हणजे स्मारक व्हायला हवं; पण स्मारकांची रांग मोठी आहे, आणि त्यांच्या निधीला हात लावायची कोणाची छाती नाही.

आकड्यांकडे येऊ, कारण आकडे गळा काढत नाहीत. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयातून समूह शाळांबद्दल एक पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात 14,783. त्यांतली मुलं 1 लाख 85 हजारांच्या घरात, शिक्षक 29,707. मी सवयीने भागाकार केला आणि मला घाम फुटला. एका शिक्षकामागे सहा मुलं! पुण्या-मुंबईतल्या ज्या काचेच्या शाळा 'प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष' अशी जाहिरात करतात आणि त्या लक्षाचे वर्षाला लाखांत पैसे घेतात, त्यांनाही हे प्रमाण परवडत नाही. आणि इथे ते सातपुड्यात, सह्याद्रीच्या कड्यावर, धनगरवाड्यावर, ऊसतोड्याच्या पोराला फुकट मिळत होतं. लेखापरीक्षणात हे कोणाच्या नजरेला कसं आलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

दोष अर्थात कायद्याचा. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तारखेवरून मी काही सुचवत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत, असं आपल्याकडच्या नियमांत लिहून ठेवलं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं कायद्याच्या परिशिष्टात आलं. साठ ही वरची हद्द लिहिली, पण खालची हद्द लिहायचं राहूनच गेलं. दोन मुलं असली तरी शाळा, एक असलं तरी शाळा! माझ्या मते ही टंकलेखनाची चूक आहे. इतका मोठा कायदा करताना एखादी ओळ गाळली जाते. ती पुढच्या अधिकाऱ्यांनी शहाणपणाने वाचून घ्यायची असते. ते काम समूह शाळेच्या कल्पनेने केलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ ही दोन उदाहरणं समोर ठेवून सांगण्यात आलं की आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं एकत्र आणा, एक मोठी चांगली शाळा करा, मुलांना बसने न्या-आणा. मुलाला खेळायला सवंगडी मिळतील, स्नेहसंमेलनाला नाटक बसवता येईल. एका वर्गात एकच मूल असलं तर 'वर्गात पहिला' आणि 'वर्गात शेवटचा' यांत फरक राहत नाही, हेही खरंच.

बसचं मात्र एक आहे. बस ही वस्तू कागदावर फार लवकर येते. रस्त्यावर यायला तिला आधी रस्ता लागतो.

एकतीस वर्षांत मी प्रत्यक्ष भरलेल्या शाळेत एकदाच गेलो. एरवी शाळा आमच्याकडे येतात, नस्तीत बसून. पण एका वर्षी उपयोगिता प्रमाणपत्रांचा घोळ झाला आणि साहेबांनी मला जीपमध्ये घालून एका वस्तीवर धाडलं. जीप अर्ध्यात थांबली. उरलेला चढ मी चालत गेलो. पंचेचाळीस मिनिटं लागली आणि तीनदा बसलो. वर एक खोली, पत्र्याचं छप्पर, दारात चपलांचे नऊ जोड एका रांगेत. फळ्यावर दिनांक, वार, सुविचार आणि कोपऱ्यात चौकट: पट 9, हजर 9. मी गुरुजींना विचारलं, "रोज हजर नऊच्या नऊ?"

"पावसात सात-आठ होतात, भाऊसाहेब. ओढ्याला पाणी येतं."

मी नोंद घेतली. शंभर टक्के उपस्थिती ही लेख्याच्या दृष्टीने संशयास्पद बाब असते. ती पावसात कमी होते हे ऐकून मला बरं वाटलं.

गुरुजींनी चहा केला. चहा शासकीय होता की खासगी हे मी विचारून घेतलं, खासगी होता. मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर मागणी होती: खडूचे दोन बॉक्स, एक डस्टर, एक सतरंजी, आणि विजेचं थकलेलं बिल. मी त्यांना नियम समजावून सांगितला. पट तीसच्या आत असेल तर समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला 10,000 रुपये. दिवसाला सत्तावीस रुपये चाळीस पैसे. त्यात वीज, त्यात स्टेशनरी, त्यात दुरुस्ती, त्यात स्वच्छता.

"ते मिळालेच नाहीत, भाऊसाहेब. गेल्या वर्षीचे मार्चच्या तीस तारखेला आले आणि एकतीसला परत गेले."

हे मला ठाऊक होतं, कारण ते परत घेण्याच्या पत्रावर माझीच आद्याक्षरं होती. निधी एका दिवसात खर्च करता आला नाही, याचा अर्थ शाळेला त्याची गरज नव्हती. डस्टरच्या मागणीवर मी ऑफिसात आल्यावर शेरा मारला: 'तरतूद उपलब्ध नाही. परत.' असे शेरे मारताना माझं अक्षर फार सुंदर येतं.

आता हा पट नऊवर आला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण टीकाकारांना वाटतं सरकार कमी पट पाहून शाळा आवरतं. व्यवस्था इतकी ढोबळ नाही. ही शाळा कधीकाळी चौतीस मुलांची होती. दोन शिक्षक होते. एकाची बदली झाली आणि त्या जागी कोणी आलं नाही, कारण मे 2012 पासून शिक्षकभरतीवर बंदी होती. ती पुढे उठली तरी भरती मुंगीच्या पावलाने चालली. राहिलेल्या एकाकडे चार इयत्ता आल्या. कायद्याने शिक्षकाला फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं सांगता येतात. आपल्या देशात आपत्ती आणि निवडणूक यांमधलं अंतर फार नसल्याने तो बहुतेक वेळ मतदारयाद्या घेऊन फिरायचा. उरलेल्या वेळात तो माहिती भरायचा: किती मुलं, किती मुली, किती नळ, किती शौचालयं, शौचालयाला दार आहे का, दाराला कडी आहे का. माहिती ऑनलाइन जायची आणि शाळेत वीज नसायची, म्हणून तो तालुक्याला जाऊन भरायचा. शाळा कुलूपबंद पाहून दोन-तीन पालकांनी मुलं खालच्या गावातल्या इंग्रजी शाळेत घातली. तिथली पिवळी गाडी घाटाच्या पायथ्याशी येऊ लागली. पट वीसच्या खाली गेला, शाळा यादीत आली. यादीत आलेली शाळा आज ना उद्या जाणार, असं गावाला कळलं आणि आणखी पाच मुलं गेली.

हे सगळं आपोआप झालं, यात कोणाची सही लागली नाही. उपाशी ठेवलेली गाय दूध देत नाही म्हणून ती विकावी, या न्यायात चूक कुठे आहे ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. आमच्या टिपणीत याला 'स्थानिक मागणीचा अभाव' असं म्हणतात.

शिक्षकाच्या बाबतीत तर आपल्या राज्याने जी प्रतिभा दाखवली तिला तोड नाही. 2000 साली शिक्षणसेवक आला. पहिली तीन वर्षं शिक्षकाचंच काम, शिक्षकाचाच वर्ग, मानधन महिना 3,000 रुपये. नावात 'शिक्षक' ठेवला असता तर त्याने पगार मागितला असता. 'सेवक' म्हटल्यावर सेवा ही निष्काम असते हे गीतेपासून ठरलेलंच आहे. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या. तिथे गावातलाच शिकलेला पोरगा 'निमशिक्षक' म्हणून बसवला, महिना 1,000 रुपये. निम्मा शिक्षक म्हणजे पगार निम्मा, असं समजू नका. तिथे गणित वेगळं होतं. पुढे 2023 मध्ये सेवकाचं मानधन 16,000 वर नेण्यात आलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. पण त्याच वर्षी निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये मानधनावर परत बोलावण्याचं ठरलं, आणि शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयात लहान पटाच्या शाळेत दोनांपैकी एक जागा अशाच निवृत्ताकडे द्यायची सोय झाली. ही कल्पना मला इतकी पटली की मी स्वतः निवृत्त झाल्यावर अर्ज करून पाहिला. मला शिकवता येत नाही असं त्यांनी कळवलं. मी कुठे शिकवणार होतो? मी फक्त काटकसर दाखवणार होतो.

आणि सगळंच सरकारने का करावं? सप्टेंबर 2023 मध्येच शाळा दत्तक देण्याची योजना आली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर 50 लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत दोन आणि तीन कोटी. देणगीदाराला शाळेच्या नावाला आपलं नाव जोडता येतं. आपल्याकडे मूल दत्तक घेतलं की मुलाला नाव मिळतं, इथेही तसंच. मला फक्त एक लेखाविषयक शंका आहे. दत्तकविधानात मूळ आई-वडिलांचा हक्क संपतो. सहाव्या वर्षी देणगीदार उठून गेला तर मूल अनाथ होतं की मूळ घरी परत येतं, याचा खुलासा मला कुठे मिळाला नाही. दरम्यान आमच्या वस्तीची शाळा दत्तक घ्यायला कोणी चढ चढून आलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अडचण उद्भवली नाही.

या विषयावरचा माझा सर्वांत लाडका अध्याय अंड्याचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाला शाळेतल्या मुलांच्या प्रथिनांची चिंता वाटली. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे दर पाच रुपये. निर्णय निघाल्याबरोबर बाजारात अंड्याने सहा-सात रुपये दाखवले; कोंबडीला शासननिर्णय वाचता येत नाही. मधला फरक गुरुजींनी भरायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलं नसलेलं सगळं गुरुजीच भरतात. मग काही धार्मिक संघटनांना अंड्याचा त्रास होऊ लागला. अंडं शाळेत शिजतं आणि वास संस्कृतीला येतो. पुढे पाककृतींची पंधरा प्रकारची यादी आली. तिच्यात अंडा पुलाव होता, तांदळाची खीर होती, नाचणी सत्त्व होतं. ती यादी मी घरी नेऊन बायकोला दाखवली. ती म्हणाली, "एवढं आपल्याकडेही होत नाही." आणि जानेवारी 2025 च्या अखेरीला शासनाच्या लक्षात आलं की अंडं आणि साखर या दोन गोष्टींसाठी वेगळा निधी देणं शक्य नाही. अंडा पुलाव, खीर आणि सत्त्व ऐच्छिक झाले. ज्या शाळेला हौस असेल तिने लोकसहभागातून करावेत.

इथे मला थोडं थांबून 'लोकसहभाग' या शब्दाला नमस्कार करू द्या. हजारो कोटींच्या अर्थसंकल्पातून अंडं निघतं आणि ते अशाच एखाद्या वस्तीवरच्या नऊ घरांकडे वळतं, ज्या घरांतली माणसं रोजावर जातात. त्यांनी आपल्याच पोराला अंडं द्यायचं, पण ते शाळेत आणून द्यायचं, म्हणजे त्याला योजना म्हणता येईल. आमच्या गुरुजींनी पुढे दुसऱ्या शाळेत हा निर्णय वाचून दाखवल्यावर म्हणे एक आजी म्हणाली, "मंग घरीच खाऊ दे की पोराला. तुमच्या शाळंत आणून परत खायचं कशापायी?" आजीला प्रशासन कळत नाही. अंड्याला नोंदवही लागते.

गणवेशाची गोष्टही फार बोधप्रद आहे. पूर्वी शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे पैसे जायचे, गावातला शिंपी माप घ्यायचा. यात मध्यभागी कोणीच नव्हतं, ही त्यातली उणीव. 2024-25 मध्ये कापड एका ठिकाणाहून घेऊन बचत गटांकडून राज्यभर एकसारखे गणवेश शिवून घ्यायचं ठरलं, म्हणजे पैसा वाचेल. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिनाला मुलं गेल्या वर्षीच्या, आखूड झालेल्या गणवेशात उभी होती. जे गणवेश आले त्यांतले काही मुलाला बसेनात, काही मुलाच्या वडिलांना बसले असते. डिसेंबरात निर्णय फिरवून काम पुन्हा समितीकडे गेलं. त्याआधी पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग झाला होता. गरीब मुलाला वही लागू नये, दप्तर हलकं व्हावं, हा हेतू. पुस्तकं चार भागांत छापली, पानं वाढली, मुलांनी वह्या आणल्याच, आणि अंड्याचा निधी थांबला त्याच महिन्यात कोरी पानंही गेली. त्या कोऱ्या पानांबद्दल बाकी कोणी काही म्हणो, शिक्षण खात्याचं धोरण इतक्या स्वच्छपणे छापून आलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पैसा नाही म्हणून हे होतं, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. पैसा आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता; एवढं कर्ज कोणी कफल्लकाला देतं का? त्याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी 36,000 कोटींची तरतूद होती. महिना 1,500 रुपये थेट बाईच्या खात्यात जातात, आणि ते जावेतच. त्याविरुद्ध मी बोललो तर माझ्याच घरात मला चहा मिळणार नाही. मे 2025 मध्ये त्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांकडून मिळून सातशे सेहेचाळीस कोटी वळवण्यात आले. काही जणांनी यावर आरडाओरडा केला. मी मात्र अशाच एका वस्तीवरच्या आईचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. आदिवासी आई. तिच्या खात्यातून नव्हे, तिच्या नावाच्या खात्यातून पैसे निघाले आणि तिच्या खात्यात जमा झाले. वरची शाळा समायोजित झालेली, म्हणून तिने मुलाला खालच्या पिवळ्या गाडीला लावलेलं. गाडीचे आणि शाळेचे मिळून महिन्याला जातात ते याच पंधराशेतून. म्हणजे पैसा मंत्रालयातून निघाला, घाट चढला, पुन्हा घाट उतरून इंग्रजी शाळेच्या मालकाकडे गेला, आणि या संपूर्ण प्रवासात एकाही शिक्षकाच्या पगाराचा बोजा शासनावर पडला नाही. जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू इतक्या सुरेख जुळलेल्या मी माझ्या कारकिर्दीत पाहिल्या नाहीत.

जुन्या लोकांना हे जमलं नसतं. महात्मा फुले 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन घेऊन गेले आणि म्हणाले, सारा भरतो तो शेतकरी आणि शिकतात ती वरच्यांची मुलं. आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळांकडे बघा. सयाजीरावांनी 1906 मध्ये बडोद्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गोखल्यांनी 1911 मध्ये तसंच विधेयक आणलं आणि पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही होता, म्हणजे आमच्या शाखेची परंपरा जुनी आहे. आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण काढलं, वर जो पालक मुलाला शाळेत घालणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. करवीर संस्थान ते केवढं! त्या काळी महाराजांच्या लेखापालाची काय अवस्था झाली असेल, या विचाराने मला आजही गलबलून येतं. आज तो दंड लावायचा म्हटला तर मुलाला शाळेपासून दूर कोणी ठेवलं हे आधी ठरवावं लागेल, आणि रुपया कोणाकडून वसूल करायचा हा पेच उभा राहील. तेव्हा दंडाचं कलम नाही तेच बरं.

आमच्या वस्तीच्या शाळेचं समायोजन यथावकाश झालं. गुरुजी 'अतिरिक्त' ठरले. आमच्या भाषेत अतिरिक्त म्हणजे ज्याला जागा नाही असा माणूस. त्यांना दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. नऊ मुलांना चार किलोमीटर खालच्या केंद्रशाळेत दाखल केलं. एक किलोमीटरपेक्षा लांबच्या मुलाला महिना सहाशे रुपये वाहतूक भत्ता देता येतो, पण वाहतूक नसल्यावर भत्ता कशाचा, असा प्रश्न मी नस्तीवर उपस्थित केला आणि तो रास्त ठरला. नऊपैकी पाच मुलं खालच्या शाळेत पोचली. चार मुलं मोठी बहीण, धाकटी शेळी, आई-बापाबरोबर ऊसतोड अशा निरनिराळ्या ठिकाणी समायोजित झाली.

त्यानंतर मी तिथे पुन्हा जाईन असं वाटलं नव्हतं. पण 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, मी निवृत्तीच्या आदल्या वर्षात होतो, आणि मतदान अधिकारी म्हणून माझी नेमणूक त्याच वस्तीवर झाली. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. गीरच्या जंगलात बाणेज इथे एकाच मतदारासाठी केंद्र उभारतात. 2024 मध्ये अरुणाचलातल्या मालोगाम इथे एका बाईंच्या मतासाठी पथक डोंगर तुडवत गेलं. याची आणि शाळेची तुलना करणारे लोक आहेत. ते विसरतात की मतदार अठरा वर्षांचा असतो आणि त्याचे पाय दुखतात. सहा वर्षांच्या पोराला मतही नसतं आणि पायही कोवळे असतात.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो. शाळा ओळखू येईना. वीज आली होती, थकलेलं बिल कोणी भरलं ते कळलं नाही. पिण्याच्या पाण्याचे दोन जार होते. दाराशी सिमेंटचा नवा उतार केला होता, चाकाची खुर्ची येईल असा. शौचालयाला दार होतं आणि दाराला कडी होती. पत्र्याचं भोक बुजवलेलं. एकशे अठ्ठेचाळीस मतदारांसाठी आम्ही चार कर्मचारी, एक पोलीस, एक यंत्र, लाख, सुतळी, शाईची बाटली, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला खालून दिवसातून दोनदा वर येणारा झोनल अधिकारी. जीपही थेट दारापर्यंत आली. रस्ता झाला होता.

केंद्राध्यक्षांनी खोलीवरून नजर फिरवली आणि फळ्याकडे बोट केलं. "ते आधी पुसा. मतदान केंद्रात असलं काही नको."

फळ्यावर शाळेच्या शेवटच्या दिवशीचा सुविचार निम्मा पुसट झाला होता. कोपऱ्यातली चौकट मात्र स्पष्ट होती. पट 9, हजर 9.

मी डस्टर शोधला. टेबलाखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं, कपाटाच्या वर पाहिलं. डस्टर नव्हता. तो नसणार हे मला माहीत असायला हवं होतं. मग मी खिशातला रुमाल काढला आणि फळा पुसला. रुमाल माझा स्वतःचा होता. शासनावर कोणताही भार पडला नाही.